पंच्याण्णव टक्के हळद

"ह्यात टक्के किती असतील?" मी विचारलं.

चंपाआत्याचं मुसळ वरच्या वर थांबलं. उखळाभोवती बसलेल्या बायकांची ओवी अर्ध्यावर तुटली आणि सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या. मुसळाला आंब्याची डहाळी बांधलेली, परसात हळकुंडांचा वास पसरलेला, लग्न तोंडावर आलेलं, आणि नवरदेव मध्येच येऊन चिमूटभर हळद बोटांवर घासत टक्केवारी विचारतोय. आज मला त्या बायकांची दया येते. त्या दिवशी त्यांना माझी आली असावी.

"कसले टक्के?" आत्या म्हणाली. "लगीन करालास का परीक्षेला बसालास?"

चंपाआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या मगदूम घराण्यातल्या प्रत्येक लग्नाची हळद तिच्या हातची.

"करक्युमिनचे टक्के, आत्या. हळदीत जे काय काम करतं ते करक्युमिन. तुझ्या ह्या हळदीत ते फार तर तीन-चार टक्के असणार."

"आणि ऱ्हायलेलं?"

"ऱ्हायलेला चोथाच म्हण की."

हे मी सांगलीत म्हणालो. जिथं हळदीचे सौदे होतात, जिथं हळद बघायला, हुंगायला आणि दातांनी तोडून पारखायला माणसं देशभरातून येतात, त्या गावात उभं राहून मी आत्याच्या हळदीला चोथा म्हणालो. आत्यानं मुसळ पुन्हा उचललं आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच आपटलं.

"अर्क हाईस नुसता," ती म्हणाली.

तिनं शिवी दिली होती. मला ते पद वाटलं. कारण मी खरोखरच अर्काच्या धंद्यात होतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वनस्पतींचे अर्क काढणारा एक कारखाना होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत मी एम.एस्सी. होऊन लागलो होतो. हळद, अश्वगंधा, मंजिष्ठा, आवळा असला माल पोत्यांनी आत यायचा आणि डब्यांनी बाहेर पडायचा. हळदीच्या अर्काच्या परदेशात गोळ्या व्हायच्या, गुडघेदुखीवर घ्यायच्या. थोडा भाग मुंबईला चेहऱ्याच्या क्रीममध्ये जायचा. डब्यावर लिहिलेलं असायचं: पंच्याण्णव टक्के, प्रमाणित. म्हणजे पोतं कुठल्याही शेतातलं असो, पाऊस कमी झालेला असो की जास्त, डब्यातला माल दर वेळी तोच आणि तेवढाच. ह्या प्रमाणित शब्दाच्या मी प्रेमात पडलो होतो. त्या वयात माणसं मुलींच्या प्रेमात पडतात.

मुलगी बघायला इचलकरंजीला गेलो तेव्हाही मी चहा थंड होईपर्यंत टक्क्यांवरच बोलत होतो. मुलीच्या वडिलांचं साड्यांचं दुकान. त्यांना बराच वेळ वाटत होतं की मी सेलविषयी बोलतोय. ते कौतुकानं म्हणाले, "पंच्याण्णव टक्के म्हणजे लईच झालं. आम्हाला तर दहा टक्के सोडायलासुद्धा परवडत नाही." मुलगी, त्रिशला, खाली बघून हसली. ती वडिलांसोबत दुकानात बसायची, माणसं पारखायची सवय असणार. तरी तिनं होकार दिला. मी तो माझ्या ज्ञानाला मिळालेला होकार समजलो.

लग्नासाठी रजा टाकायला गेलो तेव्हा मी साहेबांकडं अर्काचा एक छोटा डबा मागितला. वसगडेकरसाहेब कारखान्याचे मालक. बोलायचे थोडं आणि चष्म्यावरून.

"घरगुती वापराला?" त्यांनी विचारलं. "गुडघे दुखतात?"

"लग्न आहे, साहेब."

"मग पुढं दुखतील. घेऊन जा."

माझा बेत साधा होता. आत्याच्या हळदीला नावं न ठेवता तिची गुणवत्ता वाढवायची. लग्नाच्या दिवशी सकाळी इचलकरंजीच्या मंगल कार्यालयात वरपक्षाच्या खोलीत हळदीची वाटी भरून ठेवली होती. बायका चहाला गेल्याचं बघून मी डबा उघडला. अर्क पाण्यात विरघळत नाही, म्हणून वाटीत आधी तिळाचं तेल ओतलं, मग अर्क घातला आणि चमच्यानं घोटला. एक चमचा पुरला असता. पण लग्न माझं होतं, सढळ हातानं घातला. वाटीतला रंग आधी पिवळा होता, तो बघता बघता झेंडूसारखा झाला. मी एखाद्या शास्त्रज्ञानं बघावं तसा वाटीकडं बघत उभा राहिलो.

आत्या आली, तिनं वाटीत बोट बुडवलं आणि खिडकीशी नेऊन न्याहाळलं.

"ह्या खेपेला रंग लई उतरलाय गं," ती बाकीच्या बायकांना म्हणाली. तिचा चेहरा खुलला. मी काहीच बोललो नाही. ह्याला मी त्या वेळी विनय समजत होतो.

मला हळद लागली. कपाळाला, गालांना, हातापायांना, पाचही सवाष्णींनी मनसोक्त लावली. मग आपल्या रीतीप्रमाणं वाटीत उरलेली, म्हणजे माझी उष्टी हळद, आत्या झाकून समोरच्या वधूपक्षाच्या खोलीत घेऊन गेली. नवऱ्याच्या अंगाची हळद नवरीला लागते, अशी ती रीत. उंबऱ्यावरून जाणाऱ्या त्या वाटीकडं बघताना माझा ऊर भरून आला. बायकोला माझ्याकडून मिळालेली पहिली वस्तू पंच्याण्णव टक्के होती.

मी आंघोळ केली. चेहरा धुवायला माझ्याकडं आमच्याच अर्काचा एक फेसवॉश होता, एका गिऱ्हाइकानं नमुना म्हणून पाठवलेला. हळद काही गेली नाही. उलट आणखी बसली. मी बाहेर आलो तो पिवळाधमक. लोक बघतच राहिले.

"काय हळद चढलीय!" बाळगोंडाकाका म्हणाले. बाळगोंडाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, घरातले ठरवणारे माणूस. लग्नाची तारीख, जेवणाचा बेत आणि बाकीच्यांची मतं, सगळं तेच ठरवायचे. "तेज बघा की तोंडावर. मगदुमांच्या पोरांना हळद चढतीच. रक्तातच हाय ते."

मी मान लववून ते तेज मान्य केलं.

अक्षतेला अजून वेळ होता. मंडपात माणसं जमत होती, वाजंत्री सूर जुळवत होते. तेवढ्यात समोरच्या खोलीतलं हसणं-खिदळणं एकदम बंद झालं. दार लावून घेतलेलं दिसलं. मग पाण्याच्या बादल्या आत जायला लागल्या, एकीमागून एक. मग त्रिशलाचे मामा बाहेर आले, घाम पुसत, आणि आत्याच्या कानाशी लागले. आत्या आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पोरगीच्या अंगावर उठलंय," ती हळूच म्हणाली. "तोंड, मान, हात... विटेसारखं लाल झालंय. त्या घासून घासून काढालेत आणि जसं घासतील तसं जास्तच लाल व्हालंय."

"उठलंय म्हणजे?" बाळगोंडाकाका उठून उभे राहिले. "आधीचंच काय तर असणार. झाकलेलं असणार. आता बाहीर पडलं."

"अहो, असं कसं म्हणता?" मामा म्हणाले. मामा भिडस्त माणूस, लग्नघरात मोठ्यानं बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं.

"कसं म्हणता म्हणजे? हळद तीच का न्हाई? ह्याच्या अंगाची तिला लावली. ह्याला त्या हळदीनं तेज आलं. मग पोरगीलाच का उठावं? पोरगीतच खोट असंल तर उठंल. न्हाईतर का उठंल, तुम्हीच सांगा."

मामांनी पुन्हा घाम पुसला. शास्त्राच्या दृष्टीनं काकांचा मुद्दा बिनतोड होता. नमुना एक, माणसं दोन, परिणाम वेगळे. फरक नमुन्यात नसेल तर माणसात असणार. प्रयोगशाळेत मी नव्या मुलांना हेच शिकवायचो. आता सगळेजण माझ्याकडं बघत होते, कारण घरातला शिकलेला मी होतो, आणि मलाही आपण काहीतरी शिकलेलं बोलावं असं वाटलं.

"ऍलर्जी असेल," मी म्हणालो. "काहीजणांची कातडी तशी असते. खरं म्हणजे आधी पॅच टेस्ट करायला हवी होती."

एवढंच बोललो. क्रीमच्या नळीवर छापलेलं असतं ते वाक्य. मनगटाला आधी थोडं लावून बघा, मग चेहऱ्याला लावा, इतकाच त्याचा अर्थ.

बाळगोंडाकाकांनी त्यातला एकच शब्द उचलला.

"पॅच?" त्यांचा आवाज बसला. "पॅच हाईत?"

"नाही काका, पॅच टेस्ट—"

"म्हणजे डाग की रं! कोड!"

"अहो काका, ती एक तपासणी असते—"

पण काका ऐकायला तिथं नव्हतेच. ते मंडपात पोचले होते. मंडपात तो शब्द कसा फिरला हे मी खोलीच्या दारात उभा राहून बघितलं. पहिल्या रांगेत डोकी जवळ आली, मग दुसऱ्या. पोरगीला पॅच आहेत म्हणं. कोण म्हणालं? कोण म्हणजे, नवरा मुलगाच म्हणाला, एम.एस्सी. आहे तो, त्याला कळणार नाही तर कुणाला? माझ्या एम.एस्सी.चा इतका उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही कधी झाला नाही.

थोड्या वेळानं काका परत आले, सोबत आमच्याकडची चार जुनी माणसं घेऊन.

"ठरलं," काका म्हणाले. "आज अक्षता न्हाई. पोरगीला आधी मिरजेच्या डॉक्टराला दावायचं. कागद आला की बघू."

"मंडपातनं परत गेलेली पोरगी," मामा कसंबसं म्हणाले. "मग तुमचा कागद काय का येईना, तिला कोण विचारतंय हो? धाकटी एक आहे तिच्या पाठची. तिचंही..."

गुणवत्ता वाढवायला निघालो होतो आणि एका घरातल्या दोन पोरींची लग्नं मोडायला निघालो होतो. मामांना म्हणालो, "मला बघू दे तरी काय झालंय." नवऱ्यानं नवरीला अक्षतेआधी बघायचं नसतं, म्हणून मामा मला त्यांच्या खोलीच्या मागच्या बाजूला, नळापाशी घेऊन गेले. खिडकी बंद होती. आतून बायकांचं कुजबुजणं आणि पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मध्येच एकदा कुणीतरी नाक ओढलं.

नळाच्या कठड्यावर धुण्याच्या साबणाची वडी पडली होती. शेजारी कागदात धुण्याचा सोडा. वर तारेवर एक पांढरा टॉवेल वाळत टाकलेला होता. त्याचं एक टोक पिवळं होतं. दुसरं टोक साबणाच्या पाण्यात बुडालेलं असावं, ते विटकरी लाल झालं होतं.

मी वडी ओली केली आणि पिवळ्या टोकावर घासली. टोक लाल झालं.

साबण, सोडा, चुना, कुठलाही खार लागला की हळद लाल होते. कुंकू असंच तर होतं. हा प्रयोग शाळेच्या पुस्तकात असतो. प्रयोगशाळेत नोकरीला येणाऱ्या पहिल्या दिवसाच्या पोरालासुद्धा मी तोच करून दाखवायचो आणि वर विचारायचो, "एवढंही माहीत नाही?" घरच्या तीन टक्के हळदीचा लाल रंग दोन तांब्यांत निघून जातो. मी पंच्याण्णव टक्केवाली, तेलात घोटून लावली होती. ती निघेना म्हणून त्यांनी साबण लावला, लाल झालं म्हणून घाबरून सोडा लावला. माझ्या फेसवॉशमध्ये खार नव्हता, म्हणून मी तेजस्वी राहिलो होतो.

तेव्हा खरं तर मी खिडकीवर टकटक करून आत सांगायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला होता, की एवढा आनंद खिडकीत मावला नसता. मी वडी उचलली आणि मंडपाकडं धावत सुटलो.

स्टेजवर माइक होता. मी तो हातात घेतला.

"शांत व्हा!" मी म्हणालो. मंडप शांत झाला. पिवळ्या तोंडाचा नवरदेव एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात धुण्याचा साबण घेऊन उभा राहिल्यावर कोण बोलेल? "मुलीला काहीही झालेलं नाही. हा रसायनशास्त्राचा विषय आहे."

मग मी पाणी मागवलं आणि भर मंडपात, फेटा बांधलेला असताना, डावा गाल साबणानं खसाखसा घासला. गाल लाल झाला. पहिल्या रांगेतून मोठा "ओ" आला. मी गाल सगळ्यांना दिसावा म्हणून हळूहळू डोकं फिरवलं. मग हाताचा तळवा लाल करून दाखवला. मग ओरडलो, "लिंबू!" स्वयंपाकघरातून कुणीतरी लिंबू आणून दिलं, ते मी तळव्यावर पिळलं आणि तळवा पुन्हा पिवळा झाला. टाळ्या पडल्या. खऱ्याच पडल्या, खोटं कशाला बोलू. मी अल्कली आणि ऍसिड म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. हळदीच्या वाटीत काय घातलं होतं, कुठून आणलं, त्यातले टक्के किती, तेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "कुणाला काही शंका?"

दुसऱ्या रांगेतून वसगडेकरसाहेब उठले. त्यांना बोलावणं होतं हे मी विसरलोच होतो.

"किती घातलंस?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"अंदाजे, साहेब..."

"अंदाजे," साहेब म्हणाले आणि खाली बसले. त्या एका शब्दात माझी वार्षिक पगारवाढ गेली, हे मला नंतर कळलं.

बाळगोंडाकाकांनी स्टेजवर येऊन माझी पाठ थोपटली. "बघितलंसा का आमचा पोरगा! मी म्हणतच होतो, पोरगी चांगली हाय, हळदीचंच काय तर हाय." चारही जुन्या माणसांनी माना डोलावल्या. आत्यानं स्वतः लिंबं चिरली आणि ताटलीत घालून समोरच्या खोलीत पाठवली. वाजंत्र्यांनी पुन्हा सूर धरला. मी लाल गाल आणि पिवळा गाल घेऊन मंडपात सगळ्यांचे नमस्कार घेत हिंडलो. आपण एक लग्न वाचवलं, अशी माझी खात्री पटली होती.

ताटली परत आली. फोडी जशाच्या तशा होत्या.

मागोमाग मामा आले. "ती तुमच्याशी बोलायचं म्हणते," ते म्हणाले. "आता. अक्षतेच्या आधी."

काका म्हणाले, "रीत न्हाई." मामा ह्या खेपेला मान खाली न घालता म्हणाले, "आज सकाळपासून रीतीनं काय झालंय?"

दार अर्धं उघडं होतं. त्रिशला आतल्या बाजूला उभी होती, हिरवा चुडा, हिरवी साडी आणि कपाळापासून गळ्यापर्यंत विटकरी लाल. घासून घासून हनुवटीची साल निघाली होती. तिचं रडून झालेलं होतं आणि आता राग शिल्लक होता. तिला अहो म्हणावं का अगं हे अजून ठरलेलं नव्हतं, म्हणून मी क्रियापदच टाळत होतो.

"लिंबू... लावायला हवं," मी म्हणालो.

"माइकवर छान बोललात."

"थँक्यू," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला आपण पायजमा उलटा घातलाय की काय असं वाटलं.

"पॅच तुम्ही म्हणालात?"

"पॅच टेस्ट म्हणालो होतो. काकांनी अर्धवट ऐकलं. ती एक तपासणी—"

"कुणाची तपासणी?"

"म्हणजे... कातडीची."

"माझ्या कातडीची," ती म्हणाली. "डबा तुम्ही आणलात. घातलात तुम्ही, कालवलात तुम्ही, कुणाला न विचारता. आणि माझं तोंड लाल झाल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय सुचलं? हिच्या कातडीत काहीतरी आहे. आपल्या मालात काही असेल, असं क्षणभर तरी वाटलं का?"

मी पिवळ्या गालावरून हात फिरवला.

"तुमचे काका खोट म्हणाले. तुम्ही ऍलर्जी म्हणालात. इंग्रजी सोडलं तर फरक काय हो?"

आतल्या खोलीत कुणीतरी बांगड्या सारल्या.

"काकांचं मी मनावर घेतलं नसतं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्यांना काय कळतंय? पण नवरा मुलगाच म्हणतोय म्हटल्यावर आईनं मला बाथरूममध्ये नेलं. दार लावलं आणि विचारलं, तुला कधी काही झालं होतं का गं, मला सांगितलं नाहीस? माझी आई. मला न्हाऊ-माखू घातलेली. तिला माहीत नसेल? पण तुम्ही शिकलेले. तुमच्या शब्दापुढं तिला स्वतःचंच खरं वाटेना."

मला लाज वाटली. मघाच्या टाळ्या आठवल्या आणि आणखी वाटली. लोकांनी माझा प्रयोग बघून टाळ्या वाजवल्या होत्या आणि मी त्या हसतमुखानं घेतल्या होत्या.

"लिंबू लावलं की पाच मिनिटांत जाईल," मी म्हणालो, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं.

"कळलंय मला. ऐकलं की. लावलं की सगळ्यांना बरं वाटेल. काकांना वाटेल, आईला वाटेल, त्या पहिल्या रांगेतल्यांना वाटेल. काही झालंच नव्हतं, असं म्हणून सगळी जेवायला बसतील. म्हणून लावणार नाही."

"मग?"

"मी अशीच उभी राहणार. बघू देत सगळ्यांना." तिनं माझ्या दोन रंगांच्या तोंडाकडं बघितलं. "तुम्हाला शेजारी उभं राहायचं असेल तर तो दुसरा गाल धुवून या. नसेल राहायचं तर पिवळेच घरी जा. मला दोन्ही चालेल."

तिला दोन्ही चालत होतं. मला चालत नव्हतं. दारात उभ्या उभ्या मला हे इतकं लख्ख कळलं, की गंमत वाटली. तोवर मी एका होकाराशी लग्न करायला निघालो होतो. आता ही समोर उभी असलेली, हनुवटी सोललेली, माझ्यावर भयंकर चिडलेली मुलगी मला हवी होती, आणि ती नाही म्हणेल अशी भीती वाटत होती.

"साबण आहे का?" मी विचारलं.

"धुण्याचा आहे."

"चालेल."

मामांनी नळ सोडला. मी फेटा काढून त्यांच्याकडं दिला आणि तोंड घासायला लागलो. उजवा गाल, कपाळ, नाक, मान. सोड्याचीही चिमूट घेतली. डोळे चुरचुरले. बाळगोंडाकाका धावत आले.

"अरं, काय करालास! फोटो निघायचेत! चांगलं तेज आलंय ते घालवालास?"

"मुलीच्याही तोंडावर तेच आहे, काका," मी फेसातून म्हणालो. "तिचं तुम्हाला दिसलं नाही."

काका काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांच्यामागून चंपाआत्या आली. तिनं माझ्या हातातून वडी घेतली आणि माझ्या कानामागं राहिलेला पिवळा भाग स्वतःच्या हातानं घासून काढला, लहानपणी घासायची तसा, कान उपटेपर्यंत. डब्याबद्दल तिनं मला एक अक्षर विचारलं नाही. फक्त घासताना जोर जरा जास्तच लावला.

अक्षता वेळेवर पडल्या. अंतरपाटाच्या अलीकडं मी उभा होतो, पलीकडं ती. मंगलाष्टकं संपली, पंडितजींनी अंतरपाट खाली केला आणि विटकरी रंगाच्या दोन तोंडांनी एकमेकांकडं बघितलं. मंडपात कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. पहिल्या रांगेतली डोकी पुन्हा जवळ आली. त्रिशलानं मान वर करून सगळ्या मंडपावरून एकदा नजर फिरवली, सावकाश, कुणालाही न वगळता. त्यात तिची आईही होती. आईनं डोळ्यांना पदर लावला. मग त्रिशलानं माझ्या गळ्यात हार घातला. हार घालताना तिनं माझ्या कानाच्या मागच्या बाजूकडं निरखून बघितलं, काही राहिलंय का म्हणून.

लोक भेटायला रांगेनं स्टेजवर येत होते. सगळ्यांत शेवटी आली माझी गडहिंग्लजची मामी. एस.टी. बंद पडल्यानं तिला उशीर झाला होता. तिला हळद, साबण, लिंबू, माइक, काहीच ठाऊक नव्हतं. नवरीला तिनं पहिल्यांदाच बघितलं, सुनेचा रंग तांबूस आहे असं समजून तिच्या गालावरून प्रेमानं हात फिरवला आणि मग माझ्याकडं वळली. वळली आणि मागंच सरकली.

"अगं बाई, ह्याला काय झालं?" ती त्रिशलाला म्हणाली. "चांगला होता की गं पोरगा!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खाराचा परिणाम, असं काहीतरी मी म्हणणार होतो. त्रिशलानं माझ्या आधी उत्तर दिलं, साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला समजावतात तितक्या शांतपणे.

"काही नाही, मामी. माल नवीन आहे, रंग सोडत होता. घरी न्यायच्या आधी धुवून घेतला."

मामीनं मला आपादमस्तक बघितलं.

"बरं केलंस," ती म्हणाली.